घटना समितीने हद्द ओलांडली का, हे तपासायचं कसं

१७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या राज्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि त्यांनी आजच्या अमेरिकी घटनेचा मसुदा लिहिला; त्यांना नवं सरकार सुचवण्याचा अधिकार होता का, या प्रश्नावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी तो एकाच जागी अडकतो. एक बाजू म्हणते, त्यांना जुना करार दुरुस्त करायला पाठवलं होतं, त्यांनी तो बाजूलाच सारला. दुसरी म्हणते, लोकांनी पुढे मान्य केलं ना, मग विषय संपला. मूळ कागद दोघांनीही उघडलेले नसतात. मी घटनात्मक इतिहास शिकवते, त्याआधी बरीच वर्षं दिवाणी वकिली केली. घटना समितीच्या अधिकाराचा प्रश्न कुठल्याही देशाचा असो, तो आवेशाने सुटत नाही, कागद वाचून सुटतो, असं माझं ठाम मत आहे. कागद कुठले घ्यायचे, कुठल्या क्रमाने वाचायचे आणि कुठे थांबून विचार करायचा, ते इथे लिहिते आहे. उदाहरण मुख्यतः फिलाडेल्फियाचंच घेते, कारण तिथला वाद तिथल्याच लोकांनी इतका कसून घातला आहे की शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

आधी प्रश्नाचे तुकडे पाडा

‘अधिकार होता का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देऊ नका. कसला अधिकार, ते आधी विचारा. मसुदा सुचवण्याचा, तो मंजूर करण्याचा की अमलात आणण्याचा? हे तीन अधिकार वेगळे आहेत आणि बहुतेक वेळा ते तीन वेगळ्या हातांत असतात. मुखत्यारपत्रात ‘विक्रीची बोलणी करावी’ असं लिहिलेलं असेल तर मुखत्याराला खरेदीखतावर सही करता येत नाही, पण गिऱ्हाईक कोणतं आणावं आणि भाव काय सुचवावा यावर त्याला कोणी अडवत नाही.

पेनसिल्व्हेनियाचा जेम्स विल्सन याने १६ जून १७८७ रोजी परिषदेत हेच सांगितलं. काहीही कायम करण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण काहीही सुचवण्याची मोकळीक आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वादाची अर्धी गाठ इथे सुटते. पण अर्धीच. सुचवणाराही मर्यादेत असू शकतो. धन्याने ‘एवढंच सुचव’ असं सांगितलेलं असू शकतं. म्हणून पुढची पायरी सोडता येत नाही.

कागद पुढ्यात घ्या, आणि सगळे घ्या

फिलाडेल्फियासाठी चार प्रकारचे कागद लागतात. घाईत लोक एकच वाचतात, काँग्रेसचा, म्हणजे तेव्हाच्या राज्यांच्या सामाईक सभेचा ठराव, आणि तिथेच फसतात.

पहिला कागद म्हणजे तेव्हा लागू असलेला करार, ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’. १ मार्च १७८१ पासून तेरा राज्यं त्याने बांधलेली होती. त्याचं तेरावं कलम सांगतं की करारात बदल करायचा असेल तर तो काँग्रेसने मान्य केला पाहिजे आणि त्यानंतर प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने त्याला दुजोरा दिला पाहिजे. प्रत्येक म्हणजे तेराच्या तेरा. या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा, पुढे ते लागणार आहे.

दुसरा कागद ॲनापोलिसचा. सप्टेंबर १७८६ मध्ये पाच राज्यांचे बारा प्रतिनिधी व्यापाराच्या प्रश्नांवर तिथे जमले. इतक्या कमी उपस्थितीत काही होण्यासारखं नव्हतं, म्हणून १४ सप्टेंबरला त्यांनी शिफारस केली की पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियात सर्व राज्यांनी यावं आणि संघशासनाची घटना संघाच्या गरजांना पुरी पडेल अशा तरतुदी शोधाव्यात. शब्द ऐसपैस आहेत. पण याच कागदात, जे ठरेल त्याला प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाचा दुजोरा लागेल, हेही लिहिलेलं आहे.

तिसरा कागद काँग्रेसचा, २१ फेब्रुवारी १७८७ चा ठराव. यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा. परिषद भरवायची ती ‘केवळ आणि स्पष्टपणे’ कराराची फेरतपासणी करण्यासाठी. तिने काँग्रेसला आणि राज्यांच्या विधिमंडळांना असे फेरबदल आणि तरतुदी सुचवायच्या, की ज्या काँग्रेसने मानल्यावर आणि राज्यांनी दुजोरा दिल्यावर संघाची घटना राज्यकारभाराच्या गरजांना आणि संघाच्या रक्षणाला पुरी पडेल.

चौथ्या प्रकारचे कागद म्हणजे प्रत्येक राज्याने आपल्या प्रतिनिधींना दिलेली अधिकारपत्रं. यांकडे कोणी बघत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी यांनी काँग्रेसचा ठराव होण्याआधीच प्रतिनिधी नेमले होते, त्यामुळे त्यांची भाषा ॲनापोलिसच्या वळणाची, सैल आहे. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स यांनी काँग्रेसचे ‘केवळ आणि स्पष्टपणे’ हे शब्द उचलले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. आणि डेलावेअरने आपल्या माणसांना बजावून पाठवलं की काँग्रेसमध्ये प्रत्येक राज्याला एक मत, ही तरतूद बदलता कामा नये.

डेलावेअरच्या या अटीचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. २५ मे रोजी अधिकारपत्रं वाचताना ती सगळ्यांच्या लक्षात आली. पाचच दिवसांनी, ३० मे रोजी, मतांचं प्रमाण बदलण्याचा विषय निघाला तेव्हा डेलावेअरचा जॉर्ज रीड उठला. आमच्या अधिकारपत्रात याला मनाई आहे, हा विषय पुढे ढकला, नाहीतर आम्हाला परिषद सोडावी लागेल, असं त्याने सांगितलं. कागदावरची एक ओळ सभागृहाचं कामकाज कशी थांबवू शकते, ते यातून कळतं. शेवटी १६ जुलैच्या तडजोडीत सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मतं राहिली आणि खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा गेल्या. अट अर्धी पाळली गेली, अर्धी मोडली. तरीही डेलावेअरच्या प्रतिनिधींच्या सह्या मसुद्यावर आहेत, आणि ७ डिसेंबर १७८७ रोजी नव्या घटनेला सर्वांत आधी मान्यता देणारं राज्य डेलावेअरच होतं, तेही एकमताने. परिषदेला ‘कसलाच अधिकार नव्हता’ किंवा ‘पूर्ण अधिकार होता’ असं सरसकट लिहिण्याआधी हे आठवा. अधिकार राज्यागणिक वेगळा होता.

कागद वाचताना मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे ‘काय करायला सांगितलं’ आणि उजवीकडे ‘कशासाठी सांगितलं’. फेब्रुवारीच्या ठरावात डावीकडे येतं: फेरतपासणी, फेरबदल, तरतुदी. उजवीकडे येतं: राज्यकारभाराच्या गरजा, संघाचं रक्षण. ही रेघ मारली की भांडण डाव्या आणि उजव्या बाजूंमध्येच आहे हे डोळ्यांना दिसतं.

डावं आणि उजवं जुळत नसेल तर

३० मे रोजीच परिषदेने ठरवलं की सर्वोच्च विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ असलेलं राष्ट्रीय शासन स्थापन व्हावं. आठवडाभरातच डावी बाजू सुटली होती. मग न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसनने १६ जूनला जे मांडलं त्याला मी फार मान देते. जुना करार मुळातच चुकीचा असेल तर आपण आपापल्या राज्यांत परत जाऊ आणि जास्तीचे अधिकार मागून आणू, ते आपले आपणच घ्यायचे नाहीत. न्यूयॉर्कच्या लॅन्सिंगने जोड दिली की असं काही होणार हे कळलं असतं तर न्यूयॉर्कने माणसं पाठवलीच नसती. त्याच दिवशी व्हर्जिनियाच्या रँडॉल्फचं उलट म्हणणं होतं: देश बुडायची वेळ आली असताना जे आवश्यक दिसतं ते न सुचवणं हाच विश्वासघात. १० जुलैला येट्स आणि लॅन्सिंग हे न्यूयॉर्कचे दोघं परिषद सोडून गेले.

दोन्ही बाजू मन लावून वाचा. मग व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याचं उत्तर घ्या, १८ जानेवारी १७८८ रोजी नव्या घटनेची बाजू मांडणाऱ्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेत चाळीसावा लेख म्हणून छापलेलं. अधिकाराच्या प्रश्नाला त्याने सरळ हात घातला आहे. अर्थ लावण्याचे दोन नियम तो सांगतो: दस्ताच्या प्रत्येक भागाला जमेल तितका अर्थ द्यावा, आणि दोन भाग एकत्र नांदू शकत नसतील तर कमी महत्त्वाच्याने जास्त महत्त्वाच्याला वाट द्यावी. साधनाने साध्याला वाट द्यावी. जुना करार दुरुस्त करून पुरेसं शासन उभं राहतच नसेल, तर करार जपायचा की देश, असं तो विचारतो. शिवाय दुरुस्ती संपून नवेपण कुठे सुरू होतं, ती रेषा दाखवा, असंही आव्हान देतो.

मागच्या वर्षी वर्गात हा भाग संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण मग ‘केवळ’चं काय झालं? प्रत्येक भागाला अर्थ द्यायचा हा त्याचाच नियम ना?” अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं तिने. मॅडिसनचा दुसरा नियम पहिल्याला खाऊन टाकतो. काँग्रेसने ‘केवळ’ हा शब्द उगाच घातलेला नव्हता. तो साध्याला बांध घालण्यासाठी होता. माझं मत असं की ‘आम्ही ठरावाच्या चौकटीतच राहिलो’ हा मॅडिसनचा युक्तिवाद लंगडा आहे. त्याचा खरा आधार दुसराच आहे आणि तो याच लेखात पुढे येतो: आमचा अधिकार सल्ला देण्याचा, शिफारस करण्याचा आहे, आणि ज्यांच्यासाठी मसुदा लिहिला त्यांची मोहोर उठली नाही तर या कागदाला कागदापलीकडे किंमत नाही. हे विल्सनचंच म्हणणं, आणि हे टिकतं.

मर्यादा कुठे मोडली ते नेमकं लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तेराव्या कलमाखाली मारलेली रेघ आता बघा आणि नव्या मसुद्याचं सातवं कलम शेजारी ठेवा. जुना करार म्हणतो काँग्रेसची संमती, सातवं कलम त्याबद्दल गप्प आहे. जुना करार म्हणतो विधिमंडळं, सातवं कलम म्हणतं लोकांनी यासाठी निवडलेल्या राज्यपरिषदा. जुना करार म्हणतो सर्व राज्यं, सातवं कलम म्हणतं नऊ पुरेत.

हे निव्वळ सुचवणं राहिलेलं नाही. मसुदा मान्य कोणी करायचा आणि कितीजणांनी, हे मसुद्यानेच ठरवलं. मॅडिसनने नऊ राज्यांची ही बाब उघड कबूल केली आहे. इथे परिषदेने नेमून दिलेली रीत सोडली, असं तो लिहितो. तेराव्या राज्याच्या हट्टापायी बाराजणांचं नशीब अडवून धरणं विपरीत होईल, हे त्याचं कारण. त्याची कबुली उत्तरात जशीच्या तशी घाला. आपल्या बाजूचं कमजोर कलम स्वतः दाखवणाऱ्या वकिलावर न्यायाधीश जास्त विश्वास ठेवतात, हे मी कोर्टात पाहिलं आहे.

पण सातव्या कलमाचे शेवटचे शब्दही वाचा. नऊ राज्यांनी मान्यता दिली तर घटना ‘मान्यता देणाऱ्या राज्यांमध्ये’ लागू होईल. न मानणाऱ्यावर ती लादलेली नाही. हद्द मोडली हे खरं, कुठपर्यंत मोडली याची मर्यादाही तिथेच घालून दिली आहे.

नंतरची मान्यता कितपत पुरते

परिषद १७ सप्टेंबर १७८७ रोजी संपली. आलेल्या ५५ पैकी ३९ जणांनी सही केली. २८ सप्टेंबरला काँग्रेसने मसुदा राज्यांकडे पाठवला, एकमताने. हा ‘एकमताने’ फसवा आहे. एकमत पाठवण्यावर होतं. मसुदा चांगला की वाईट, यावर काँग्रेसने एक शब्द लिहिलेला नाही. ‘काँग्रेसने मंजुरी दिली’ असं उत्तरात लिहिलंत तर ते चूक ठरेल.

पुढे नववं राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. त्याच महिन्यात व्हर्जिनियाच्या परिषदेत पॅट्रिक हेन्रीने विचारलं की मसुद्याच्या सुरुवातीला ‘आम्ही राज्यं’ न म्हणता ‘आम्ही लोक’ अशी भाषा करण्याचा अधिकार फिलाडेल्फियाच्या गृहस्थांना दिला कोणी? त्या परिषदेचा अध्यक्ष एडमंड पेंडल्टन याने उत्तर दिलं: लोकांशिवाय अधिकार देऊ शकतं तरी कोण? मला पेंडल्टनचं म्हणणं पटतं, पण एका अटीवर. लोकांना ‘नाही’ म्हणण्याची खरीखुरी सोय असली पाहिजे. ऱ्होड आयलंडकडे बघा. मार्च १७८८ मध्ये तिथे थेट मतदान झालं आणि मसुदा प्रचंड फरकाने फेटाळला गेला, अर्थात समर्थकांनी बहिष्कार टाकला होता. ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टनने शपथ घेतली तेव्हा ऱ्होड आयलंड आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्ही बाहेर होती. पण मे १७९० मध्ये सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापार बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं, आणि २९ मे रोजी त्या राज्याने ३४ विरुद्ध ३२ मतांनी मान्यता दिली. ही संमती कितपत मोकळी होती, यावर एक परिच्छेद तरी लिहाच.

हीच रीत इतर देशांना लावताना

भारताच्या घटना समितीला लावून पाहा. तिचा जन्म १६ मे १९४६ च्या त्रिमंत्री योजनेतून झाला, म्हणजे अधिकारपत्र ब्रिटिशांचं. ९ डिसेंबरला पहिली बैठक झाली, १३ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताकाचा. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी तिथे पॅटरसनच्याच जातीचा आक्षेप घेतला. योजनेप्रमाणे प्राथमिक बैठकीत घटनेची मूलतत्त्वं ठरवता येत नाहीत, मुस्लिम लीग आणि संस्थानं आलेली नाहीत, थांबा. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलले. ठराव करण्याचा हक्क सभागृहाला असेलही, पण तो आज करणं शहाणपणाचं आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. सत्ता ही एक गोष्ट आणि शहाणपण ही अगदी वेगळी, असं त्यांनी बजावलं. ठराव लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. म्हणून चौथा प्रश्न मी आंबेडकरांकडून घेतला आहे: अधिकार असला तरी आत्ता वापरावा का? तो अधिकाराच्या उत्तरात मिसळू नका, वेगळा लिहा. पुढे १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने समितीला घटना करण्याचा पूर्ण अधिकार मिळाला, आणि समितीने ३९५ व्या कलमाने तो कायदाच रद्द केला.

पाकिस्तानात तोच कायदा, पण फळ उलटं. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी घटना समिती बरखास्त केली. अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान कोर्टात गेले आणि सिंधच्या मुख्य न्यायालयात जिंकले. मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल फिरवला. समितीच्या कायद्यांनाही गव्हर्नर जनरलची संमती लागते, आणि ती घेतलेली नव्हती. इतकी वर्षं कोणी न मागितलेली सही अचानक सगळ्याच्या मुळावर आली. म्हणून शेवटची सही कोणाची, हे आधी शोधा.

व्हेनेझुएलात १९९९ साली मसुद्यासाठी निवडलेल्या सभेने ऑगस्टमध्येच न्यायव्यवस्थेत आणीबाणी जाहीर केली आणि संसदेच्या कामात हात घातला. इथे ‘फक्त सुचवतो’ हा बचाव उरत नाही, मसुदा पुढे डिसेंबरच्या सार्वमतात मंजूर झाला तरीही. दक्षिण आफ्रिकेने उलट वाट धरली: १९९३ च्या अंतरिम घटनेत ३४ तत्त्वं आधीच लिहिली आणि मसुदा त्यांत बसतो का हे घटना न्यायालयाने तपासायचं ठरवलं. ६ सप्टेंबर १९९६ ला न्यायालयाने मसुदा परत पाठवला, दुरुस्ती झाल्यावर ४ डिसेंबरला मान्य केला.

सरावाला चिली घ्या. तिथे १५५ जणांची सभा होती आणि तिच्या हद्दी जुन्याच घटनेत दुरुस्ती करून लिहून ठेवल्या होत्या. आधी १३५ वं कलम उघडा: देशाचं प्रजासत्ताक स्वरूप, लोकशाही व्यवस्था, न्यायालयांचे अंतिम निकाल आणि लागू असलेले करार यांना सभेने धक्का लावायचा नाही, सार्वभौम सत्ता आपल्याकडे आहे असंही म्हणायचं नाही. मग १३३ वं कलम, दोन तृतीयांश मतांचं. मग १३६ वं, तक्रार कुठे आणि कशाबद्दल करता येते त्याचं. मसुद्याच्या मजकुराविरुद्ध तक्रारच करता येत नाही, हे तिथे दिसेल. त्यानंतर ४ सप्टेंबर २०२२ चं सार्वमत, ज्यात सुमारे ६२ टक्के मतदारांनी मसुदा नाकारला. पानाच्या मधोमध रेघ मारा, तिन्ही कलमं डावीकडे लिहा, आणि फिलाडेल्फियाच्या सातव्या कलमासारखं काही तिथे शक्य होतं का, ते लिहून काढा.